रंगाआधीचा ठळक ठसा

जानेवारी १९६० मध्ये युरोप-अमेरिकेतले तेरा संगणकतज्ज्ञ पॅरिसला जमले आणि त्यांनी अल्गोल ६० या भाषेचे रूप ठरवले. पीटर नाउर यांनी संपादित केलेला तिचा अहवाल त्याच वर्षीच्या मे महिन्यात प्रसिद्ध झाला. त्यात एक नियम आहे, ज्याकडे आज कोणी फारसे पाहत नाही. छापील प्रतीत जे शब्द ठळक ठशात आहेत, किंवा टंकलिखित प्रतीत ज्यांच्याखाली रेघ ओढली आहे, ती भाषेची स्वतंत्र मूळ चिन्हे समजावीत; ती ज्या अक्षरांची बनलेली दिसतात त्या अक्षरांशी त्यांचा काहीही संबंध नाही. म्हणजे ठळक ‘बिगिन’ हे बेरजेच्या खुणेसारखे एकच अखंड चिन्ह, आणि साध्या ठशातले ‘बिगिन’ ही नुसती पाच रोमन अक्षरे, जी एखाद्या चलाचे नावही असू शकतील. ठसा बदलला की अर्थ बदलला. आज वेबसाइटवर दिसणाऱ्या कोडमध्ये काही शब्द निळे, काही हिरवे, टिप्पण्या करड्या असतात. या प्रथेची कहाणी बहुतेक वेळा प्रोग्रामरच्या रंगीत पडद्यापासून सांगितली जाते: आधी एडिटरमध्ये रंग आले, मग ते वेबवर उतरले. माझ्या मते ही वंशावळ चुकीच्या घराण्यापासून सुरू होते. वेबसाइटवरचा रंगीत कोड एडिटरचा फार तर दत्तक मुलगा. त्याचा जन्म छापखान्यात झालेला आहे. आणि तो तसा आहे हे मान्य केले, तरच त्याच्या बऱ्याचशा गुणदोषांचा उलगडा होतो.

अल्गोलच्या अहवालाने भाषेची तीन रूपे मानली होती: संदर्भासाठी एक, प्रकाशनासाठी एक आणि यंत्रासाठी एक. यातले मधले रूप आज विचित्र वाटेल, पण त्या पिढीला त्यात नवल नव्हते. प्रोग्राम ही यंत्राला घालायची आज्ञा होती तशीच माणसांनी एकमेकांना कळवायची गोष्टही होती, आणि कळवायचे साधन म्हणजे नियतकालिक. अमेरिकेतल्या ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या मासिकाने १९६० पासून क्रमांक घालून अल्गोरिदम छापायला घेतले. टोनी होअर यांचा क्विकसॉर्ट हा त्यातला चौसष्टावा, जुलै १९६१ च्या अंकातला. तो वाचकाला भेटला तो छापील पानावर, अल्गोलमध्ये. लेखकाने टंकलिखितात शब्दाखाली रेघ ओढायची आणि खिळे जुळवणाऱ्याने तिथे ठळक ठसा बसवायचा, ही छापखान्याची जुनी रीत; अल्गोलने ती उचलून थेट व्याकरणात घातली. यंत्रापाशी मात्र पंचाईत झाली. छिद्रपट्टीवर ठळक अक्षर कसे पाडणार? काही ठिकाणी फ्लेक्सोरायटरवर अशी कळ होती, जी रेघ उमटवी पण गाडी पुढे सरकवत नसे. ती दाबून प्रत्येक अक्षर अधोरेखित करावे लागे. जिथे ती सोय नव्हती तिथे मूळ चिन्हांचे शब्द एकेरी अवतरणांत कोंडले जात. असा प्रोग्राम वाचायला त्रासाचा, आणि छिद्रे पाडायला त्याहून जास्त.

या त्रासातून सुटका झाली ती राखीव शब्दांनी. ‘बिगिन’, ‘इफ’, ‘व्हाइल’ हे शब्द भाषेनेच ताब्यात घ्यायचे, कोणी ते चलाला नाव म्हणून द्यायचे नाहीत, म्हणजे ठळक करायची गरजच नाही. कोबोलने असे शेकडो शब्द अडवून ठेवले. निकलाउस वर्थ यांच्या पास्कलने पस्तीसावर भागवले. ही वाट न घेणाऱ्या भाषांचे काय होते, याचा नमुना म्हणून आयबीएमच्या पीएल/वन मधली एक ओळ जुने लोक अजून सांगतात: ‘इफ इफ = देन देन देन = एल्स; एल्स एल्स = इफ;’. ही ओळ त्या भाषेत कायदेशीर आहे. तिथे ‘इफ’ हा कधी व्याकरणाचा शब्द असतो, कधी कोणी ठेवलेले नाव; कोणता कुठे, ते जागेवरून ओळखायचे. कंपायलर ओळखतो, माणूस अडखळतो. हीच ओळ अल्गोलच्या पद्धतीने, व्याकरणाचे शब्द ठळक करून छापली असती, तर एका नजरेत उलगडली असती.

पण राखीव शब्दांच्या निर्णयाला दुसरी बाजू होती, आणि माझा सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. शब्द राखीव झाल्यामुळे ठळक ठसा यंत्राच्या दृष्टीने फालतू ठरला. पण त्याच क्षणी तो लावणे पोरखेळ झाले. कारण आता ठळक काय करायचे हे समजायला भाषा कळण्याची गरज उरली नाही. पस्तीस शब्दांची यादी हाताशी असली की पुरे. मजकुरात यादीतला शब्द सापडला की ठळक कर, अवतरण सुरू झाले की ते मिटेपर्यंत वेगळा ठसा लाव, टिप्पणीची खूण आली की तिरपा लाव. व्याकरणाचे ओझे उतरले आणि मागे उरली एक प्रथा, जी कोणतेही अडाणी साधन पाळू शकेल. वर्थ यांच्या १९७६ च्या ‘अल्गोरिदम्स + डेटा स्ट्रक्चर्स = प्रोग्राम्स’ या पुस्तकात राखीव शब्द ठळक आहेत; कंपायलरला त्याची गरज उरली नव्हती, पण वाचकाच्या डोळ्याला अल्गोलच्या पानाची सवय होती.

ही प्रथा सगळ्यांनी पाळली असे नाही. बेल प्रयोगशाळेतल्या ब्रायन कर्निगहन आणि डेनिस रिची यांचे सी भाषेवरचे १९७८ चे पुस्तक उघडून पाहा: कोड कुरिअरमध्ये, टाइपरायटरवर बडवल्यासारखा, एकही शब्द ठळक नाही. त्यामागे विचार होता. पुस्तकातली उदाहरणे थेट पुस्तकाच्या मजकुरातून काढून यंत्रावर चालवून पाहिली होती, असे लेखक प्रस्तावनेत सांगतात. जे चालले तेच छापले; मध्ये कोणाचा हात नाही. डोनाल्ड कनूथ यांनी याच्या अगदी उलट टोक गाठले. त्यांची ‘वेब’ ही प्रणाली (आजच्या वेबशी तिचा संबंध नाही) एकाच मूळ फाइलमधून यंत्रासाठी पास्कल काढी आणि वाचकासाठी टेक या जुळणीच्या साधनात जुळवलेले पुस्तक. १९८६ मध्ये टेकचा संपूर्ण कोड अशा ग्रंथरूपात आला, राखीव शब्द ठळक, नावे तिरपी आणि शेवटी प्रत्येक नावाची सूची. बेल प्रयोगशाळेचे उघडे पान आणि कनूथ यांचे सजवलेले पान हे भांडण तेव्हापासून मिटलेले नाही. आजच्या वेबने सजवलेल्या पानाची बाजू घेतली, पण तिथे ती पोहोचली कनूथ यांच्या काटेकोर मार्गाने नव्हे. ती पोहोचली ‘व्हीग्राइंड’च्या मार्गाने.

व्हीग्राइंड हा बर्कली युनिक्सबरोबर १९८० च्या सुमारास आलेला छोटा प्रोग्राम. सोर्स फाइल द्यायची, तो ती ट्रॉफ या जुळणीच्या साधनाकडे पाठवण्याजोगी करून देई: टिप्पण्या तिरप्या, राखीव शब्द ठळक, आणि पानाच्या समासात चालू फंक्शनचे नाव. त्याची खरी कमाल त्याच्या सोबतच्या व्याख्यांच्या फाइलमध्ये आहे. प्रत्येक भाषेसाठी तिथे एक छोटी नोंद: टिप्पणी कशाने सुरू होते, कशाने संपते, स्ट्रिंग कशाने सुरू, कशाने बंद, फंक्शनचा प्रारंभ ओळखायचा नमुना, आणि राखीव शब्दांची यादी. बस. नवी भाषा आली तर प्रोग्रामला हात लावायचा नाही, एक नोंद वाढवायची. आज वेबवर कोड रंगवणारे कोणतेही प्रचलित साधन उघडा, प्रत्येक भाषेसाठी जी फाइल सापडेल तिचा सांगाडा हाच असतो. मधल्या चाळीसेक वर्षांत नमुने पल्लेदार झाले, एकात एक बसायला लागले, पण नोंदीतली कलमे तीच राहिली. आणि व्हीग्राइंडच्या मनात पडदा नव्हताच. त्याचे गिऱ्हाईक छपाईचे यंत्र होते.

यावर पहिला आक्षेप साहजिक आहे: ठळक आणि तिरपे ही छपाईची सामग्री खरी, पण प्रश्न रंगाचा आहे, आणि रंग पडद्यानेच दिला. इथे थोडे मागे जावे लागते. मजकुराचे थर रंगाने वेगळे करणे ही लेखणीची फार जुनी सवय आहे. इजिप्तच्या पपायरसांवर शीर्षके तांबड्या शाईत आहेत, युरोपातल्या मठांतल्या हस्तलिखितांत तसेच, आणि आपल्याकडच्या ऋग्वेदाच्या कितीतरी पोथ्यांत संहिता काळ्या शाईत व स्वरांच्या खुणा लाल शाईत आहेत. पोथी लिहिणाऱ्याला दुसरा बोरू उचलणे कठीण नव्हते. छपाई आली तेव्हा रंग महाग झाला, कारण तांबड्यासाठी तोच कागद यंत्रातून दुसऱ्यांदा काढावा लागे. रंगाचे काम मग ठशांच्या भेदाकडे गेले. मजकुराच्या ठशाशी जोडीने वापरता येईल असा ठळक ठसा तर बराच उशिरा आला: लंडनच्या रॉबर्ट बेझली यांनी १८४५ मध्ये क्लॅरेंडन हा ठसा नोंदवला, आणि त्याला खरे काम मिळाले ते कोशांत. डोळ्याला पानभर धावून एकच शब्द हुडकायचा असतो तिथे. ऑक्सफर्डच्या बृहत् इंग्रजी कोशातले शीर्षशब्द क्लॅरेंडनमध्येच जुळवले गेले. तेव्हा ठळक ठसा हा मुळात रंगाचा बदली कामगार. पडद्यावर रंग पुन्हा फुकट झाला तेव्हा मूळ मालक कामावर परतला, इतकेच.

आणि तो परतला कुठे ते पाहण्यासारखे आहे. रंगीत वाक्यरचनेच्या आरंभीच्या एडिटरांत ज्याचे नाव हमखास घेतले जाते तो ‘लेक्स’, आयबीएमच्या माइक काउलिशॉ यांनी १९८५ मध्ये लिहिलेला. तो प्रोग्रामही रंगवी, पण ज्या कामासाठी तो घडला ते काम होते त्याच ऑक्सफर्ड कोशाचे संगणकीकरण. कोशाच्या नोंदीत शीर्षशब्द, व्युत्पत्ती, अवतरणे, तारखा असे थर असतात आणि प्रत्येकाला खुणा लावलेल्या असतात. संपादकाला ते थर लिहितालिहिता वेगळे दिसावेत म्हणून रंग. त्याआधी १९८३ मध्ये मॅटेलच्या इंटेलिव्हिजन या खेळयंत्राच्या जोडयंत्रात बेसिकचे घटक रंगीत दिसत, ते मुलांना शिकणे सोपे जावे म्हणून. आणि १९८५ च्या आसपास मॅकिंटॉशवरच्या पास्कलने काळ्यापांढऱ्या पडद्यावर काय केले? टाइप होता होता राखीव शब्द ठळक केले. ज्या पडद्याला रंग नव्हता त्याने वर्थ यांच्या पुस्तकाचे पान गिरवले. याहून बोलका पुरावा मला तरी दुसरा दिसत नाही.

एडिटरचे स्वतःचे घराणे मग सुरू झाले आणि वेगाने वाढले. बोरलँडने १९९२ च्या सुमारास आपल्या पास्कल आणि सी++ च्या एडिटरांत रंग आणले. निळ्या पडद्यावरची ती पिवळी अक्षरे महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत नंतरची किती वर्षे ठाण मांडून होती हे त्या पिढीला सांगायला नको. ईमॅक्समध्ये फॉन्ट-लॉक आले, १९९८ मध्ये व्हिमच्या पाचव्या आवृत्तीत रंग आले. पण इथे रंगाचे काम बदलले. लिहिताना अवतरण मिटवायचे राहिले की खालचा सगळा कोड एकदम स्ट्रिंगच्या रंगात जातो, आणि हात तिथेच थांबतो. राखीव शब्दाचे स्पेलिंग चुकले की तो रंग घेत नाही. कंपायलर बोलण्याआधी रंग बोलतो. म्हणजे एडिटरमधला रंग लिहिणाऱ्यासाठी आहे, आणि तो हलता आहे. वेबसाइटवरचा कोड कोणी तिथे लिहीत नाही. तो आधीच लिहून, बहुधा चालवूनही झालेला असतो. चूक पकडायचे काम उरलेले नसते. उरते ते वाचणे, हुडकणे, आणि भोवतालच्या गद्यापासून वेगळे दिसणे. ही छापील पानाची कामे.

वेबवर रंग प्रत्यक्षात कोणत्या वाटेने आले तेही याला धरून आहे. एचटीएमएलमध्ये कोड जसाच्या तसा, मोकळ्या जागांसकट दाखवायची खूण सुरुवातीपासून होती, आणि डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसची पहिली आवृत्ती आली तेव्हा रंग पानापासून वेगळा ठेवण्याची सोय झाली. पण मजकूर कापून त्याला खुणा कोण लावणार? हाताशी जे होते ते वापरले गेले. ग्नू एनस्क्रिप्ट हे साधन पोस्टस्क्रिप्ट छपाईसाठी होते, कोड सुबक छापून कागदावर काढण्यासाठी. त्याला एक पर्याय दिला की तेच छपाईऐवजी एचटीएमएल काढी. एक स्विच बदलला आणि छापखाना वेबसाइट झाला. पीएचपीचा मामला वेगळा. चौथ्या आवृत्तीपासून तिच्यात स्वतःचाच कोड रंगवून दाखवणारे फंक्शन आहे, आणि रंग सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ठरतात: टिप्पणी नारिंगी, राखीव शब्द हिरवे, स्ट्रिंग तांबडी, बाकीचे निळे. ते अचूक असते, कारण भाषेचे स्वतःचे यंत्र मजकूर कापते. पण ते फक्त पीएचपीपुरते. सगळ्या भाषा हव्या असतील तर अचूकपणा सोडून यादीकडे यावे लागते, आणि लोक आले. २००४ मध्ये नायजेल मॅकनी यांचे गेशी, २००६ मध्ये जॉर्ज ब्रँडल यांचे पिगमेंट्स आणि त्याच वर्षी इव्हान सागालायेव यांचे हायलाइट.जेएस, २०१२ मध्ये लिया वेरू यांचे प्रिझम. विकिपीडियाने बरीच वर्षे गेशी वापरले आणि २०१५ मध्ये पिगमेंट्स घेतले. हायलाइट.जेएस तर भाषा कोणती हे सांगितले नाही तरी अंदाज बांधते: प्रत्येक भाषेची यादी लावून पाहायची, शब्द जुळतील तसे गुण द्यायचे, ज्या भाषेला जास्त गुण ती निवडायची. सगळीकडे व्हीग्राइंडचीच बुद्धी.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. वेबवरच्या रंगांची मांडणी उघडउघड एडिटरांतून आलेली आहे. मोनोकाई ही रंगसंगती २००६ मध्ये टेक्स्टमेट या मॅकवरच्या एडिटरसाठी झाली. ईथन स्कूनोव्हर यांची सोलराइज्ड २०११ ची, टर्मिनल आणि एडिटरसाठी. दोन्ही वेबभर पसरल्या. इतकेच नव्हे, टेक्स्टमेटच्या व्याकरणफाइली सब्लाइम, ॲटम, व्हीएस कोड यांनी उचलल्या आणि २०१४ च्या सुमारास गिटहबनेही पिगमेंट्स सोडून त्याच धरल्या. व्हिममध्ये तर समोरचा रंगीत पडदा तसाच्या तसा एचटीएमएल करून देणारी आज्ञा आहे. मग एडिटरचा वारसा नाकारायचा कसा? नाकारायचा नाहीच. पोशाख एडिटरचा आहे. प्रश्न असा की त्या पोशाखातले काय वेबच्या पानाला शोभते आणि काय नाही, आणि याचे उत्तर एडिटरकडे नाही. करड्या टिप्पण्यांचे उदाहरण घ्या. एडिटरमध्ये स्वतःचा कोड रोज पाहणाऱ्याला टिप्पणी मध्येमध्ये येते, म्हणून ती पुसट केली गेली. छापील परंपरेत ती कधी पुसट नव्हती: व्हीग्राइंडने तिला तिरपा ठसा दिला, कनूथ यांनी तर तिला पुस्तकाचे मुख्य गद्य केले. वेबसाइटवरचा वाचक परका असतो, त्याला टिप्पणीच आधी हवी असते. तिथे ती फिकट करड्या रंगात बुडवणे हा नुसता अविचार आहे. वेबच्या सुलभतेचे २००८ चे निकष मजकूर आणि पार्श्वभूमी यांत किमान ४.५ ला १ इतका उठाव मागतात. लोकप्रिय रंगसंगतींतल्या टिप्पण्या तिथेच सर्वांत जास्त नापास होतात.

यादीची अक्कल कुठे संपते तेही पाहिले पाहिजे, कारण अंदाजाची किंमत नाही असे मला म्हणायचे नाही. जावास्क्रिप्टमध्ये तिरपी रेघ कधी भागाकाराची असते, कधी शोधनमुन्याच्या सुरुवातीची. ‘ए / बी / सी’ यात दोन भागाकार आहेत की मधले ‘बी’ हा नमुना आहे, हे आधी काय आले त्यावर ठरते, आणि ते ठरवायला कधी कधी बरेच मागे पाहावे लागते. चुकीचा निर्णय झाला की पुढच्या ओळी भलत्याच रंगात न्हातात. दुसरी अडचण आपल्या लिपीची. पायथनने तिसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे २००८ पासून, चलांची नावे देवनागरीत लिहू दिली. जावास्क्रिप्टही ती चालवून घेते. ‘किंमत’ हे नाव भाषेला मान्य आहे, वेलांटी आणि अनुस्वारासकट. पण जावास्क्रिप्टमधल्या शोधनमुन्यांत ‘शब्दातले अक्षर’ या खुणेचा अर्थ आजही फक्त रोमन अक्षरे, अंक आणि खालची रेघ. त्या खुणेवर विसंबलेल्या साधनाला ‘किंमत’ हा शब्दच दिसत नाही. आणि देवनागरीला चिकटून रोमन अक्षरे आली तर मध्ये शब्दाची सीमा आहे असे समजून ते नावाच्या अर्ध्या भागाला राखीव शब्दाचा रंग देऊ शकते. यंत्र कोड बिनतक्रार चालवते, पान मात्र चुकीचे छापते. असली चूक मुद्रिते तपासणाऱ्याच्या हद्दीतली, कंपायलरच्या नव्हे.

तिसरा आक्षेप सगळ्या खटाटोपावरच आहे. रॉब पाइक, बेल प्रयोगशाळेच्या उघड्या पानाचे वारस आणि गो भाषेचे एक कर्ते, यांनी कोडमधल्या रंगांना पोरकटपणा म्हटले आहे: लहानपणी गणित रंगीत कांड्यांनी शिकलो, मोठेपणी एका रंगाचे आकडे पुरतात. या मताला पुरावाही आहे. जर्मनीतल्या हानेबाउर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ३९० विद्यार्थ्यांवर केलेल्या चाचण्यांत रंगांमुळे कोड समजण्यात फरक पडल्याचे आढळले नाही. त्याआधी अद्वैत सरकार यांनी २०१५ मध्ये केंब्रिजला दहा जणांवर, डोळ्यांच्या हालचाली मोजत केलेल्या प्रयोगात फायदा दिसला होता, पण अनुभव वाढेल तसा तो कमी होत गेला. दहाच्या तुलनेत ३९० जास्त वजनदार, हे मान्य. पण दोन्हींत मोजले ते आकलन. कोश चाळणाऱ्याला क्लॅरेंडनमुळे शब्दाचा अर्थ जास्त कळतो असा दावा बेझली यांच्या गिऱ्हाइकांपैकी कोणी केला नसता. ठळक ठसा होता तो शब्द सापडावा म्हणून. लांब लेखातून उदाहरण कुठे सुरू होते, त्यात मजकूर कोणता आणि आज्ञा कोणती, आपण बदलायची स्ट्रिंग कुठे आहे, हे चटकन सापडते का, हा वेबच्या वाचकाचा प्रश्न आहे, आणि त्या चाचण्यांनी तो विचारलेला नव्हता. गंमत अशी की गोच्या जुन्या दस्तऐवज-साधनात कोड दाखवताना टिप्पण्या हिरव्या असत. फक्त टिप्पण्या, बाकी सारे काळे. पण पोथीवाल्यांइतकी तांबडी शाई पाइक यांच्या घरातही होती.

राहता राहिला शेवटचा मुद्दा: यादीचा जमाना आता सरला, असे म्हणणाऱ्यांचा. गिटहबमध्ये मॅक्स ब्रन्सफेल्ड यांनी घडवलेले ट्री-सिटर खरेखुरे व्याकरण लावून मजकुराचा वृक्ष बनवते, तेही प्रत्येक कळ दाबली जाताना, आणि अर्धवट कोड सहन करत. एडिटरांसाठी ही मोठीच गोष्ट आहे आणि तिथे यादी हटेल यात मला शंका नाही. पण लेखातला कोडचा तुकडा हा अर्धवट लिहिलेला प्रोग्राम नसतो. तो मुद्दाम कापलेला उतारा असतो. मधल्या चाळीस ओळींच्या जागी तीन टिंबे असतात, चलाच्या जागी ‘इथे तुमचा पासवर्ड’ असते, एका चौकटीत वर टर्मिनलची आज्ञा आणि खाली तिचे उत्तर असते. असल्या मजकुराला व्याकरण नसतेच, आणि जे व्याकरण मागते ते साधन इथे जास्त गोंधळते. यादीवाले अडाणी साधन निवांत पुढे जाते. म्हणून लेखक काय करतो, तर मार्कडाउनमध्ये चौकट उघडताना तीन उलट्या टिकल्यांपुढे भाषेचे नाव लिहितो. हे नाव यंत्राला चालवण्यासाठी नसते. कॉमनमार्कच्या नियमपुस्तकानेही त्या शब्दाचे काय करायचे हे बांधून दिलेले नाही. बहुतेक जण त्यातून भाषा ओळखतात, एवढेच ते नोंदवते. नाव चुकले तर पान भलत्या रंगात छापले जाते आणि कोड, कॉपी करून चालवला तर, बिनबोभाट चालतो. टंकलिखितावर शब्दाखाली रेघ ओढून खिळे जुळवणाऱ्याला कळवणारा अल्गोलचा लेखक नेमके हेच करत होता. फरक इतकाच की त्याची रेघ चुकली असती तर प्रोग्रामही चुकला असता.